अजून थोडं मोठं कर

मला गाता येत नाही, वाजवता येत नाही आणि एखादा सूर बेसूर झाला तर तो मला शेजारी बसलेल्याच्या चेहऱ्यावरून कळतो. तरीही आमच्या घरात संगीत लिहून काढायचं काम माझ्याकडे आहे. ऐकणाऱ्याला हे खोटं वाटतं. ऑफिसात एकदा जेवणाच्या सुट्टीत सांगितलं तर आमच्या सेक्शनमधल्या बाईंनी विचारलं, "मॅडम, आप और म्युझिक?" त्यात कौतुकापेक्षा संशय जास्त होता आणि मला रागही आला नाही, कारण मलाही तसंच वाटतं.

मी केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात सेक्शन ऑफिसर आहे. आमचं मूळ अमरावतीकडचं, बौद्ध. वडिलांना दिल्लीत नोकरी लागली आणि मी इथल्या सरकारी क्वार्टरमध्येच वाढले. नवरा नगरकडचा, मराठी ख्रिस्ती. त्याचे वडील चर्चमध्ये ऑर्गन वाजवायचे, त्यामुळे बाराखडी नीट यायच्या आत हा पाच रेघांवरचे स्वर वाचायला शिकला होता. आमचं ठरलं तेव्हा दोन्ही घरांनी कपाळाला हात लावला, मग लेक झाली आणि दोन्ही घरं तिच्या बारशाला एकमेकांना पेढे भरवत बसली. तो गुरुग्रामच्या एका खासगी शाळेत व्हायोलिन शिकवतो. लेक त्याच शाळेत नववीत होती, तेव्हाची ही गोष्ट आहे. आम्ही राहतो द्वारकेला. सकाळी मी मेट्रोने मंत्रालयात जायचे आणि ते दोघं गाडीने शाळेत.

शाळेखेरीज त्याचा चौघांचा एक गट आहे. दोन व्हायोलिन, एक व्हायोला, एक चेलो. व्हायोला म्हणजे व्हायोलिनचीच जराशी थोरली, खालच्या आवाजाची बहीण. तो पहिलं व्हायोलिन वाजवतो आणि दुसरं व्हायोलिन त्या वर्षापासून लेक वाजवायला लागली होती. लग्नसमारंभ, शाळांचे वार्षिक दिवस, कुठल्या तरी कंपनीचा कार्यक्रम, असं ते वाजवत फिरतात. लोकांना हवी असतात ओळखीची गाणी, मग तो ती चौघांसाठी बसवतो आणि प्रत्येकाला आपापलं पान लागतं. ही पानं तो आधी हाताने लिहायचा. मग कॉम्प्युटरवर माउसने एकेक स्वर उचलून रेघेवर बसवायला लागला आणि घरात शिव्या ऐकू यायला लागल्या. स्वर एका रेघेवर ठेवला की तो दुसरीवर जाऊन बसायचा.

तेव्हा कुणीतरी त्याला दुसरं सॉफ्टवेअर सुचवलं. त्यात चित्र काढायचंच नाही. सगळं टाइप करायचं. स्वराला एक अक्षर, तो किती वेळ धरायचा त्याला एक आकडा, वरच्या सप्तकातला असेल तर पुढे एक छोटी रेघ, खालच्यातला असेल तर स्वल्पविराम. ताल संपला की एक उभी रेघ. सगळं लिहून झालं की एक बटण दाबायचं आणि मशीन त्या मजकुरातून छापील पुस्तकासारखी पानं तयार करून देतं. त्याने ते पाहिलं आणि म्हणाला, "हे तर तुझं काम आहे. तू दिवसभर तेच करतेस."

खरं होतं ते. सरकारी मजकुरात एक कंस चुकला तर काय होतं हे मला चांगलं ठाऊक आहे. पहिल्या महिन्यात तो शेजारी बसून स्वर सांगायचा, मी टाइप करायचे. काळ्या पट्टीच्या स्वरांना त्या सॉफ्टवेअरमध्ये 'फिस', 'सिस' अशी नावं आहेत, त्यावर आम्ही दोघं पोट धरून हसलो होतो. मग मला अक्षरांची सवय झाली आणि तो नुसता आपला कच्चा कागद पुढ्यात टाकून जायला लागला. गाणं कसं वाजेल हे मला कळायचं नाही. पण तालाची बेरीज चुकली की मशीन ओळीचा नंबर देऊन सांगायचं, आणि ती चूक शोधून काढण्यात मला फार मजा यायची. याच सॉफ्टवेअरमधून गाण्याचा आवाजही निघतो, टाइप केलेलं सगळं ते बिनडोकपणे पेटीसारखं वाजवून दाखवतो. तो आवाज मी त्याच्या फोनवर पाठवायचे. चुका तपासायला बरा पडतो, असं म्हणत तो इअरफोन लावून बसायचा.

फाईलच्या अगदी वर एक ओळ असते. पाच रेघांचा आकार किती ठेवायचा, ते त्या ओळीत एका आकड्याने सांगायचं असतं. आमचा आकडा सुरुवातीला वीस होता. एकदा तो म्हणाला, पानांचा स्टँड जरा लांब ठेवतो, अजून थोडं मोठं कर. मी चोवीस केला. चाळिशी उलटलेली, त्यात काही विशेष वाटलं नाही. मी त्याला चिडवलंही, म्हातारा झालास म्हणून. पुढच्या कार्यक्रमाच्या वेळी तो पुन्हा म्हणाला, अजून थोडं मोठं कर. मी केलं. आकडा मोठा झाला की पानावर ओळी कमी मावतात, पानं वाढतात. आधी दोन पानांत बसणारं गाणं पाच पानांत जायला लागलं. मग मी आडवा मोठा कागद आणला.

मला भीती वाटायला लागली ती त्या आकड्याची. कार्यक्रम जवळ आला की मी फाईल उघडायचे आणि तो मागून येऊन काय म्हणतो याची वाट बघत बसायचे. तो सहज म्हणायचा, चहा मागितल्यासारखा. मी सहज वाढवायचे. आकडा वाढवताना मी तोंडाने कागदाच्या किमतीवरून कटकट करायचे.

अखेर मीच हट्ट धरला आणि तो डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेला. मी बरोबर येते म्हटलं तर म्हणाला, तुझी सुट्टी कशाला वाया घालवतेस, संसदेचं अधिवेशन चालू आहे. परत आला तो हसतच. डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग थोडा कमजोर झालाय, वाचायला त्रास होईल, बाकी काही नाही, असं डॉक्टर म्हणाल्याचं त्याने सांगितलं. कागद मागितले तर गाडीत राहिलेत म्हणाला. मी पुन्हा मागितले नाहीत. विषाची परीक्षा कशाला, असं मला तेव्हा वाटलं असावं. बाकी काही नाही, हे मला ऐकायचंच होतं.

आणि खरंच बाकी काही दिसत नव्हतं. तो घरात नीट वावरायचा. दाराशी चप्पल पडलेली असली तर ओलांडून जायचा, कुणी आलं की लांबूनच ओळखायचा. सोसायटीत गाडी अशी वळवायचा की वॉचमन कौतुक करायचा. फोन मात्र लेकीकडून वाचून घ्यायला लागला होता आणि रविवारचा पेपर उघडत नव्हता. मोठ्या आकड्याच्या पानांबद्दल तो दर वेळी म्हणायचा, आता एकदम साफ दिसतंय. मला तेवढाच दिलासा होता. आकडा वाढवला की त्याला दिसतं, म्हणजे आकडा वाढवत राहिलं की झालं.

त्या जानेवारीत त्यांना पानिपतचा एक कार्यक्रम मिळाला. तिथल्या एका चादरींच्या व्यापाऱ्याच्या घरी साखरपुडा होता, रविवारी दुपारी. नवी सून येणार म्हणून घरच्यांना एक खास गाणं हवं होतं, ते याने नव्याने बसवलं. बुधवारी मी त्याचं पान टाइप केलं आणि आवाज त्याच्या फोनवर पाठवला. शुक्रवारी सगळ्यांत शेवटी व्हायोलावाल्या बाईंचं केलं. त्या त्याच्याच शाळेत शिकवतात, केरळच्या आहेत, डोळे ठणठणीत. त्यांचं पान नेहमीच्या वीस आकड्याचं.

शनिवारी दुपारी आमच्याकडे तालीम होती. सकाळी तो म्हणाला, माझं अजून थोडं मोठं कर. मी त्याची फाईल उघडली, आकडा वाढवला, आणि तसं करताना खालचा एक महिरपी कंस माझ्याकडून पुसला गेला असावा. बटण दाबलं. नेमक्या त्याच वेळी कुकरची शिट्टी झाली आणि दारावरची बेलही वाजली. मी पान न पाहताच छापायला सांगून उठले.

या सॉफ्टवेअरमध्ये एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी लागते. मजकुरात मोठी चूक असेल तर मशीन नवी पानं करतच नाही. पण त्याच नावाची जुनी पानं आधीपासून पडलेली असतील तर ती तशीच राहतात, आणि तुम्ही छापा म्हटलंत की तीच छापली जातात. शहाणी माणसं प्रत्येकाच्या पानाला वेगळं नाव देतात. मी सगळ्यांची पानं एकाच नावाने करायचे, कारण एक झालं की छापून मोकळी व्हायचे. त्यामुळे प्रिंटरमधून बाहेर पडलं ते कालचं, व्हायोलाचं, बारीक अक्षरातलं. हे मला तेव्हा माहीत नव्हतं. प्रिंटरमधली पानं त्याने स्वतः उचलली आणि आपल्या स्टँडवर लावली.

मी चहाचा ट्रे घेऊन हॉलमध्ये आले तेव्हा चौघं वाजवायला लागले होते. ट्रे ठेवायला म्हणून त्याच्या मागून गेले आणि सहज नजर स्टँडवर गेली. तिथे दोन पानं होती. बारीक, दाट, काळ्या मुंग्या सांडल्यासारखी. डाव्या कोपऱ्यात व्हायोलाचं ते पोट पुढे काढलेलं चिन्ह होतं, जे व्हायोलिनच्या पानावर कधीच नसतं. संगीत कळत नसलं तरी ते चिन्ह मला कळतं, कारण त्याचा शब्द मी स्वतः टाइप करते. मला हसू आलं. आता हा थांबणार, वळून माझ्यावर डाफरणार आणि चौघांसमोर माझी फजिती होणार, असं मला वाटलं.

तो थांबला नाही. तो वाजवत राहिला. मान किंचित पुढे, डोळे पानावर, नेहमीसारखा. गाणं अडखळलं नाही. मधेच त्याने हात पुढे केला आणि पान उलटल्यासारखं केलं, त्याच्या मोठ्या पानात जिथे ते उलटावं लागलं असतं तिथे. एक कागद दुसऱ्यावर गेला. आता त्याच्या डोळ्यांसमोर कागदाची कोरी पाठ होती. तो त्या कोऱ्या कागदाकडे बघत उरलेलं गाणं वाजवत होता.

मी ट्रे खाली ठेवला. त्याच वेळी लेकीने वाजवता वाजवता त्याच्या स्टँडकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि पटकन आपली नजर आपल्या पानावर वळवली. दचकली नाही ती. मी घाबरले ते तिच्या न दचकण्याला.

गाणं संपलं. बाई म्हणाल्या, बहुत अच्छा गया. त्याने गज मांडीवर ठेवला आणि माझ्या दिशेने वळून म्हणाला, "छान केलंस गं. आता बिल्कुल साफ दिसतंय."

मी हो म्हटलं. काय म्हणणार होते? चार माणसांत झाकली मूठ उघडून दाखवायची नसते, एवढं मला कळत होतं. मी स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला धरून उभी राहिले. इतके दिवस इअरफोन लावून तो काय ऐकायचा, ते मला आता कळलं. मीच पाठवलेला तो पेटीसारखा आवाज. तो चुका तपासत नव्हता, पाठ करत होता. पानं नुसती समोर लावून ठेवत होता, लोकांसाठी, आणि माझ्यासाठी. पूर्वी त्याच्या पानांवर पेन्सिलच्या खुणांचा कचरा असायचा, कुठलं बोट, गज वर की खाली. गेल्या कित्येक कार्यक्रमांच्या पानांवर एकही खूण नव्हती, आणि मी आपली समजत होते की माझी छपाई इतकी सुरेख आहे की त्याला काही लिहावंसंच वाटत नाही.

आणि मग ते सुचलं. मी मुद्दाम सांगते, ते मला लगेच सुचलं नाही. आधी मला त्याची कीव आली, मग राग आला, आणि त्यानंतर कुकरचं झाकण काढताना एकदम सुचलं की हा माणूस गाडी चालवतो. हाताएवढे स्वर ज्याला दिसत नाहीत, तो रोज सकाळी माझ्या लेकीला शेजारी बसवून द्वारका ते गुरुग्राम जातो आणि संध्याकाळी परत येतो. तो बसमध्ये, ट्रकमध्ये, उलट दिशेने येणाऱ्या स्कूटरवाल्यांमध्ये गाडी घालतो. काल गेला होता. परवा गेला होता. आणि उद्या तो तिला घेऊन हायवेने पानिपतला जाणार होता, जानेवारीच्या धुक्यात.

पाहुणे जाईपर्यंत मी कशी थांबले ते मला आठवत नाही. मी पोळ्या लाटल्या एवढं आठवतं. त्या सगळ्या करपल्या.

ते गेले, तो अंघोळीला गेला आणि मी लेकीला बाल्कनीत बोलावलं. ऊन उतरलं होतं, खाली मुलं क्रिकेट खेळत होती. मी तिला सरळ विचारलं, बाबाला दिसत नाही हे तुला माहीत आहे का? ती म्हणाली, दिसतं, फक्त मधलं नाही दिसत. त्याने तिला समजावून सांगितलं होतं. कडेने सगळं दिसतं, पण ज्याच्याकडे सरळ बघावं ते पुसलं जातं. मी विचारलं, मग गाडी? तिने खांदे उडवले, पण डोळे माझ्यावरून हलवले नाहीत.

"मी सांगते ना त्याला. लाल, हिरवा, लेफ्टने ऑटो, समोर ब्रेक लाइट. आमचं सिस्टम आहे. तो म्हणतो, तू वाच, मी वाजवतो." मग जरा थांबून म्हणाली, "आई, मी खूप छान करते ते. आजपर्यंत एकदाच चुकले."

एकदा काय झालं ते मी विचारलं नाही. तेव्हाही नाही आणि आजतागायत नाही. मी तिचा हात धरला तर तो गार होता आणि तळवा ओला होता. चौदा वर्षांची पोर. रोज सकाळी तोंडात पोळीचा घास कोंबून धावत गाडीत बसायची. मी वरून बाल्कनीतून हात करायचे, तर ती कधी वर बघायची नाही. आईची लाज वाटायचं वय आहे, असं मी मैत्रिणींना हसून सांगायचे. ती रस्ता बघत असायची. गाडी सुरू व्हायच्या आधीपासून.

तू मला का नाही सांगितलंस, असं विचारल्यावर तिचा चेहरा पहिल्यांदा पडला. बाबाने सांगू नको म्हटलं होतं का? नाही, तो असं कधीच म्हणाला नव्हता. मग? ती म्हणाली, सांगितलं असतं तर तू त्याची गाडी बंद केली असतीस, मग शाळेत कळलं असतं, मग त्याला काढलं असतं. तिने सगळा हिशेब एकटीने केला होता. आणि तो हिशेब चुकीचा आहे असं मला म्हणता येईना.

तो अंघोळ करून आला. गाडीची चावी दाराजवळच्या खिळ्याला असते, ती काढून मी मुठीत धरली होती. मला आरडाओरडा करायचा होता. माझा स्वभाव तसाच आहे, ऑफिसात माझ्या आवाजाला शिपाई घाबरतात. पण मी त्याच्या पुढ्यात ती दोन पानं ठेवली आणि ही कुणाची आहेत ते सांग म्हटलं. त्याने पानं हातात घेतली, डोळ्यांजवळ नेली, मान तिरकी केली, बाजूने बघितलं. मग हळूच खाली ठेवली.

"नाही दिसत," तो म्हणाला.

कधीपासून, ते त्याने नीट सांगितलं नाही. दिवाळीच्या आधीपासून वाचता येत नाही, एवढं कबूल केलं. मी विचारलं, आणि रस्ता? तो म्हणाला, कडेचं दिसतं, गाड्यांचे आकार दिसतात, शिवाय तो रस्ता वर्षानुवर्षांचा आहे.

"पाठ आहे मला तो रस्ता."

"आणि रस्त्यात येणारी माणसं? तीही पाठ आहेत?"

लेक दारात उभी होती. तो तिच्याकडे बघायचा प्रयत्न करत होता, म्हणजे तिच्या जरा बाजूला बघत होता, कारण सरळ बघितलं की ती पुसली जायची. हे मला आता कळत होतं. कित्येक महिने तो आमच्याशी बोलताना आमच्या कानाकडे बघायचा आणि मला वाटायचं, याचं लक्ष नाही. मी चावी पर्समध्ये टाकली. त्याने तो आवाज ऐकला. मला वाटलं आता भांडेल. तो खुर्चीवर बसला आणि म्हणाला, "मला वाटत होतं तू आधीच ओळखशील. दर वेळी मोठं कर म्हणायचो तेव्हा वाटायचं, आज विचारेल."

हे ऐकून मला त्याचा जेवढा राग आला तेवढा त्याआधी आणि त्यानंतर कधी आला नाही. आणि त्याच्याजवळ जाऊन बसावंसंही तेवढंच वाटलं. मी दोन्हींतलं काहीच केलं नाही. मी उठून दुसऱ्या दिवसाची टॅक्सी बुक केली, तिघांसाठी.

पानिपतला जाऊच नये असं मला वाटत होतं. पण शब्द दिलेला होता, बाकीचे दोघं चेलोवाल्यांच्या गाडीने जाणार होते, आणि कार्यक्रम रद्द करायचा तर कारण काय सांगायचं? शाळेला काय सांगायचं, कधी सांगायचं, यातलं काहीच ठरलं नव्हतं. सोमवार यायचा होता. सध्या फक्त रविवार पार पाडायचा, असं मी स्वतःला सांगितलं.

सकाळी निघालो तेव्हा सोसायटीचं गेटसुद्धा दिसत नव्हतं. तो पुढे ड्रायव्हरशेजारी बसला, व्हायोलिनची पेटी मांडीवर घेऊन. मी आणि लेक मागे. शहरात होतो तोवर धुकं जरा पातळ होतं. हायवेला लागलो आणि काचेपुढे नुसतं पांढरं झालं. ड्रायव्हर म्हातारा होता, सोनिपतकडचा. त्याने चारही दिवे लुकलुकते ठेवले, खिडकी खाली केली आणि डोकं बाहेर काढून चालवायला लागला. म्हणाला, आगे कुछ नहीं दिख रहा, साहब.

"धीरे चलो भैया," नवरा म्हणाला. "कोई जल्दी नहीं है." त्याचा आवाज बारीक झाला होता आणि एका हाताने त्याने दारावरची कडी धरली होती. इतक्या वर्षांत त्याला गाडीत घाबरलेलं मी प्रथमच पाहत होते. ज्याला मधलं कधीच दिसत नव्हतं तो माणूस आता धुक्याला घाबरत होता, आणि मी त्याच्या मागे बसून मनात म्हणत होते, घाबर.

मग माझ्या शेजारून पुटपुटल्यासारखा आवाज यायला लागला. आधी मला वाटलं लेक गाणं म्हणतेय, दुपारचं आठवून बघतेय. मी वाकून ऐकलं.

"ट्रक. लेफ्टला. ब्रेक लाइट. ब्रेक लाइट. बाइक, हेल्मेट नाही. काही नाही. काही नाही. ट्रक."

ती दोन सीटच्या मधून पुढे बघत होती. पाठ ताठ, दोन्ही हात गुडघ्यांवर आवळलेले, पापणी लवत नव्हती. गाडी तो चालवत नव्हता. चालवणाऱ्याला तिचा आवाज ऐकूही येत नव्हता. पण पुढे बसलेल्या बापाची मान तिच्या प्रत्येक शब्दाला थोडी हलत होती आणि त्याचा उजवा पाय नसलेला ब्रेक दाबत होता. त्यांचं ते सगळं मी पहिल्यांदा डोळ्यांनी बघत होते. महिनोन्महिने, रोज दोन वेळा, हे असं चाललं होतं.

मी तिला जवळ ओढलं. ती आली नाही, पाठ तशीच ताठ ठेवली. मी तिच्या कानाशी म्हटलं, "आता तू नको बघूस. ड्रायव्हर काका बघतायत."

"मी नाही बघितलं आणि काही झालं तर?"

मी तिचं डोकं माझ्या खांद्यावर दाबून धरलं आणि तिच्या डोळ्यांवर हात ठेवला. तिने हात काढला नाही, पुटपुटणंही थांबवलं. पण माझ्या तळव्याखाली तिच्या पापण्या सारख्या हलत होत्या. पानिपत येईपर्यंत तिने डोळे मिटले नाहीत.